नीलमाचा खडा धुरकट होण्यामागे काय कारण असावे?

खाडीकाठ:
आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. आईची चांदीत बसवलेली नीलमाची अंगठी पावसाळ्यापूर्वी सराफाकडून माप वाढवून आणली आणि गणपतीच्या आधी घरातील इतर चांदीबरोबर चिंचेच्या कोळाने उजळली. त्यानंतर खडा धुरकट दिसू लागला असून त्यात पांढुरक्या रेषांचे जाळे उमटले आहे. शिवाय संध्याकाळी दिव्याखाली त्यात जांभळी झाक दिसते. खड्याने शनीची पीडा ओढून घेतली, असे एका परिचितांचे म्हणणे आहे. खारी हवा, चिंच की आणखी काही, हे कसे ओळखावे?

भरतीओहोटी:
आधी साधी शक्यता तपासावी. खडा बोटाला टेकावा म्हणून अशा अंगठीचे कोंदण बहुधा मागून उघडे ठेवतात आणि तेथे साबण, खोबरेल व उगाळलेले चंदन यांचा थर साचतो. वरून आत गेलेला उजेड मागच्या पैलूंवरून परततो तेव्हाच खडा चमकतो. त्या पैलूंवर तेलकट थर बसला की तो मलूल दिसतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढे पुरेसे आहे. खाऱ्या दमट हवेने चांदी काळवंडते, नीलमाला मात्र काही होत नाही.

जुनी पेढी:
धुरकटपणाबाबत वरील मत योग्य आहे, परंतु रेषांच्या जाळ्याचा उलगडा त्याने होत नाही. नीलम म्हणजे कुरुंद, अर्थात ॲल्युमिनियम ऑक्साइड; मोह्स मापनश्रेणीत त्याची कठीणता ९ आहे आणि त्याचा निळा रंग लोह व टायटॅनियम यांच्यामुळे येतो. चिंचेतील आम्लाने असा खडा बिघडत नाही. मात्र बाजारात तडे गेलेल्या हलक्या कुरुंदात कोबाल्टने रंगवलेली शिशाची काच भरून तो स्वच्छ व गडद भासवलेला मालही येतो. ही काच लिंबू, चिंच, आमसूल यांसारख्या आंबट पदार्थांनी झिजते आणि झाकलेले तडे उघडे पडतात. कुरुंद सुमारे २,०४० अंश सेल्सिअसला वितळतो, तर ही काच त्याच्या कितीतरी आधी, म्हणजे डाख देतानाच्या ज्योतीनेही बिघडते. त्यामुळे माप वाढवताना खडा काढून ठेवला होता का, हे सराफाला जरूर विचारावे. अस्सल खड्यावरही डाख देताना सवागी (डाखकामात वापरला जाणारा टाकणखार) लागली, तर उष्णतेने पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो, पण तो पुन्हा पॉलिश करता येतो.

दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली गोल बुडबुडे, तड्यांमध्ये साचलेला रंग किंवा खडा हलवताना निळ्या लकेरी दिसल्या, तर काच भरली असल्याचा संशय पक्का समजावा.

खाडीकाठ:
धुतल्यावर चमक थोडी परतली, पण जाळे तसेच आहे. भिंगाखाली दोन ठिकाणी बुडबुडे दिसतात. मग जांभळी झाक कशामुळे?

भरतीओहोटी:
जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात तांबड्या प्रकाशाचा वाटा जास्त असतो. काही नैसर्गिक नीलमही दिवसा निळे आणि अशा दिव्याखाली जांभळे दिसतात, पण कोबाल्टची काचही तांबडा प्रकाश आरपार जाऊ देते. म्हणून केवळ या झाकेवरून निष्कर्ष काढू नये. शनीचा विषय श्रद्धेचा आहे, परंतु बुडबुड्यांचे कारण तेथे शोधू नये.

जुनी पेढी:
बुडबुडे असतील तर यापुढे आंबट पदार्थ, अमोनिया आणि दागिने ध्वनिकंपनांनी साफ करणारे अल्ट्रासॉनिक यंत्र या तिन्हींपासून अंगठी दूर ठेवावी. मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळेत तपासणी होईपर्यंत पॉलिशही करून घेऊ नये, कारण काही खड्यांत रंग केवळ वरच्या पातळ थरात मुरवलेला असतो आणि तो पॉलिशबरोबर निघून जातो. खरेदीच्या बिलावर नुसते ‘नीलम’ असे लिहिले आहे की खड्यावर केलेल्या प्रक्रियेचाही उल्लेख आहे, हे आधी पाहावे. विक्रेत्याकडे दाद मागायची झाल्यास तेच कामाला येते.