खोलीवर गॅस नाही, फक्त मायक्रोवेव्ह: रोजचं काय काय नीट होतं?

पिठलंभात:
नमस्कार. नोकरीसाठी वाकडला राहायला आले आहे. घरमालकांनी गॅस आणि शेगडी दोन्हीला नाही म्हटलंय, मायक्रोवेव्हला मात्र हरकत नाही. मैत्रिणीने तिचा जुना दिलाय: २० लिटरचा, ७०० वॅटचा, साधा सोलो. केक वगैरे करायचे नाहीत. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण, एकटीपुरतं, रोजचं साधं. काय खरंच चांगलं होतं आणि कशाच्या नादी लागू नये?

रोवळी:
असाच साधा मायक्रोवेव्ह आमच्या ठाण्याच्या घरात वर्षानुवर्षं रोज चालतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

हे यंत्र मुख्यतः पदार्थातलं पाणी तापवतं. म्हणून अंगचं पाणी असलेल्या भाज्या यात फार सुंदर शिजतात. मध्यम बटाटा धुऊन, काट्याने चार-पाच ठिकाणी टोचून, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ४ ते ५ मिनिटं ठेव. काढल्यावर लगेच सोलू नकोस, ५ मिनिटं तसाच राहू दे. आतला भाग तेवढ्यात शिजून येतो. दोन बटाटे ठेवलेस तर वेळ जवळजवळ दुप्पट लागेल. हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही: कुकरमध्ये एक बटाटा आणि सहा बटाटे यांना शिट्ट्या तेवढ्याच, इथे मात्र वजनाप्रमाणे मिनिटं वाढतात. त्यामुळे एकट्या माणसाला हे यंत्र सगळ्यात जास्त उपयोगी. मक्याचं कणीस सालासकट ३-४ मिनिटं ठेव, नंतर केस सालाबरोबर अलगद निघून येतात. फरसबी, फ्लॉवर, दुधी यांना दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवायचं. फरसबीचा हिरवा रंग असा टिकतो की मी आता ती गॅसवर शिजवतच नाही.

दुसरी जमात कोरड्या, थोडक्या गोष्टींची. उडदाचा पापड ४०-५० सेकंदांत फुलतो. तेलाचं बोट फिरवलंस तर तळल्यासारखा लागतो. शेंगदाणे वाटीभर, पसरट काचेच्या ताटलीत, ४ ते ५ मिनिटं, दर मिनिटाला हलवून. दाणा आतून आधी भाजला जातो, वरून कच्चाच दिसतो, तेव्हा रंगावर जाऊ नकोस. खमंग वास आला की थांब, बाहेर काढल्यावरही ते थोडे भाजले जातात. चिवड्याचे पातळ पोहे, रवा, कढीपत्ता, सगळं याच पद्धतीने. कूट तयार असलं की अर्धा स्वयंपाक झाला.

भाताला अर्धी वाटी तांदूळ २० मिनिटं भिजव, एक वाटीभर पाणी घाल आणि भांडं तिप्पट मोठं घे, कारण पेज उतू जाते. ५ मिनिटं पूर्ण शक्तीवर, झाकणाशिवाय. मग अर्ध्या शक्तीवर ७-८ मिनिटं, नंतर झाकून ठेव. अर्ध्या शक्तीवर मशीन मध्येमध्ये बंद पडल्यासारखं वाटेल. बिघडलेलं नसतं, साध्या मशीनमध्ये चालू-बंद होऊनच शक्ती कमी केली जाते.

तूरडाळीच्या नादी लागू नकोस. डाळ मऊ व्हायला आत पाणी मुरावं लागतं. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं म्हणून ते काम पटकन होतं, इथे ते १०० च्या पुढे जात नाही. तासभर भिजवलेली मूगडाळ मात्र १२-१५ मिनिटांत होते. तांदळाबरोबर घालून मऊ खिचडी कर, पोट बरं नसताना त्यासारखं काही नाही.

कपाशीचं_बोंड:
रोवळीताईंचं सगळं पटलं. फक्त वांग्याबद्दल खानदेशातला माणूस म्हणून बोलतो. मायक्रोवेव्हमध्ये वांगं मऊ होतं, भाजलं जात नाही. साल ओलसरच राहते, ती करपत नाही, धुराचा वास येत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि आमच्याकडे ती कपाशीच्या काड्यांवर भाजतात. ती चव इथे शोधू नका. टोचून शिजवलेल्या वांग्यात दही, कांदा, मिरची घालून केलेलं रायतं मात्र छान लागतं. टोचायला विसरू नका, वाफ कोंडून वांगं फुटतं.

रोवळी:
अगदी बरोबर, भरिताला आगच हवी.

आणि फुटण्यावरून: अंडं कवचासकट कधीही ठेवू नकोस, उकडलेलं गरम करायलासुद्धा नाही. ते बाहेर काढल्यावर, चावा घेतानाही फुटू शकतं. कपात अर्धा कप पाणी, त्यात अंडं फोडून घाल, पिवळं टोच, वर बशी झाक, मिनिटभर ठेव. स्टीलची भांडी, सोनेरी काठाचे कप, मेलामाइनच्या ताटल्या बाहेरच. फोडणी फक्त बोरोसिलसारख्या काचेत: तेल आणि मोहरी, झाकण ठेवून दीड-दोन मिनिटं. गरम तेलाने प्लॅस्टिक वितळतं.

पिठलंभात:
ताई, दादा, खूप आभार! आज बटाटा आणि दाणे दोन्ही जमले. गुरुवारी उपास असतो. साबुदाण्याची खिचडी होईल का, की गोळा होतो?

रोवळी:
होते, आणि बुडाला लागत नाही. साबुदाणा धुऊन, जेमतेम बुडेल एवढंच पाणी ठेवून ४-५ तास भिजव. दाणा बोटाने चिरडला गेला पाहिजे. त्यात कूट, मीठ, चिमूटभर साखर आधीच कालव. काचेच्या भांड्यात तूप, जिरं, मिरची दीड मिनिट, मग शिजलेल्या बटाट्याच्या फोडी, मग साबुदाणा. झाकून २ मिनिटं, खालीवर कर, पाण्याचा हबका मार, पुन्हा दीड मिनिट. दाणे पारदर्शक दिसले की लगेच काढ. जास्त ठेवलीस तर पाणी उडून दाणे चिवट होतात. लिंबू नंतर पिळ.