हिंदी प्रेमपट, फौंड्री आणि लग्न: मध्यंतरानंतर गोष्ट ढेपाळते, काय करावं?

गंगावेशीचा_लेखक

हिंदी फिल्मची पटकथा लिहितोय. नायिका मेटलर्जी शिकलेली, वडिलांची कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फौंड्री (धातू वितळवून ओतायचा कारखाना) तिनं चालवायला घेतलीय. नायक मूळचा नागपूरचा, बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. जात वेगळी. घरचे नाराज आहेत, पण हाणामारी करणारे नाहीत. मध्यंतरापर्यंत प्रेम, मध्यंतराला कोर्टात लग्न. पुढं तिला मोठी ऑर्डर मिळते, त्याला कॅनडाची ऑफर येते, गैरसमज होतो, दोघं तुटतात आणि शेवटी विमानतळावर भेटतात. पानं १३८, गाणी ६, मध्यंतर पान ७१ वर.

ज्यांना वाचायला दिली त्यांच्या तीन तक्रारी: उत्तरार्ध लांबतो, नायिका निष्ठुर वाटते, आणि "एक फोन केला असता तर पिक्चर तिथंच संपला असता". "लिहीत राहा, जमेल" असला सल्ला नको. कुठं कापू आणि तिथं काय घालू ते सांगा.

पटकथा_कट्टा

तिसरी तक्रार आधी धरा, बाकीच्या दोन तिच्यातनंच निघाल्यात. गैरसमजावर उभा केलेला उत्तरार्ध मोबाईल आल्यापासून चालत नाही. दोघांना एकमेकांचं सगळं ठाऊक असूनही गाठ सुटत नाही, अशी गाठ पाहिजे. तपासायची सोपी रीत आहे. भांडणाच्या प्रत्येक सीनआधी मसुद्यापुरतं एक पान लिहा, त्यात दोघांना बसवून सगळं खरं बोलायला लावा. बोलून प्रश्न मिटला, तर पुढचं भांडण खोटं आहे, काढून टाका. मिटला नाही, तर ते पानच तुमचा खरा सीन.

आता निष्ठुरपणा. ती कशाला नकार देते ते आपण बघतो, कशासाठी देते ते बघत नाही. पटकथा घ्या आणि ती प्रत्यक्ष काम करताना किती सीनमध्ये दिसते ते मोजा. केबिनमध्ये शिरणं, लॅपटॉप मिटणं, टाळ्या घेणं हे काम नव्हे. साठ-सत्तर सीनमध्ये असे पाचसुद्धा निघत नसतील, तर प्रेक्षक नायकाच्याच बाजूला जाणार. मध्यंतराआधी किमान तीन हवेत: एकात तिची हुकमत, एकात तिची चूक, आणि तिसऱ्यात तो तिला काम करताना बघतो आणि तिथंच प्रेमात पडतो. हा तिसरा सोडू नका. ज्या गुणावर तो भाळला, तोच गुण नंतर त्याच्या आड येतो. मग तिला स्वार्थी म्हणायची सोय राहत नाही.

नायकाचंही तेच. "कॅनडाची ऑफर" हा नुसता शब्द आहे. तिथं जाऊन तो काय बनवणार? पंधराव्या पानापासून तो ज्याच्या मागं आहे तेच काम तिथं मिळत असेल, तरच त्याची ओढ कळेल. नाहीतर तो पगारासाठी निघालेला माणूस, आणि "थांब की मग इथंच" हे उत्तर प्रेक्षकाच्या तोंडात तयार असतं.

दोन्ही गोष्टींना तारीख द्या आणि एकाच आठवड्यात आणा. त्यानं रुजू व्हायची तारीख आणि तिचे नमुने ग्राहकाकडं पोचायची शेवटची तारीख.

लांबीचा हिशेब असा. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, पण गाणं कागदावर सहा-आठ ओळींचं आणि पडद्यावर चार मिनिटांचं. १३८ पानं अधिक ६ गाणी म्हणजे २ तास ४० मिनिटं. १३० मिनिटांची फिल्म हवी असेल तर गाणी ४ (१६ मिनिटं) आणि पानं ११४ च्या आसपास. संवाद देवनागरीत असतील तर पान-मिनिटाच्या नियमावर विसंबू नका. अक्षराचा आकार आणि ओळींमधलं अंतर बदललं की तो नियम कोलमडतो. घड्याळ लावून मोठ्यानं वाचा.

मध्यंतराला लग्न लावलंत तर लोक समाधानानं सामोसा खायला जातात, परत यायची ओढ काय? लग्न पान ४० ला आणा. मध्यंतर ५७ च्या आसपास, त्या दोन तारखा समोर येतात तिथं. आणि विमानतळ काढाच. तिकीट दाखवल्याशिवाय सीआयएसएफचा जवान दारातनं आत सोडत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

शिरोली_ओतकाम

भावा, फौंड्री म्हटली की लोक ठिणग्या दाखवतात आणि मोकळे होतात. तुला पाहिजे तो फोनचा सीन आमच्या धंद्यात तयारच आहे.

नायिकेला एसजी आयर्न (एक प्रकारचं ओतीव लोखंड) करू दे. वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियमची ट्रीटमेंट करतात, त्यानं आतलं ग्रॅफाइट गोल होतं आणि कास्टिंगला (म्हणजे ओतून बनवलेल्या भागाला) ताकद येते. पण ट्रीटमेंट झाल्यापासून मॅग्नेशियम उडायला लागतं. साधारण दहा-बारा मिनिटांत सगळे मोल्ड (साचे) ओतून व्हावे लागतात. उशीर झाला तर शेवटच्या मोल्डात ग्रॅफाइट गोल राहत नाही, माल रिजेक्ट. लेडल (वितळलेलं लोखंड न्यायचं भांडं) निघालाय, खिशात फोन वाजतोय, तिला उचलता येत नाही. आणि ही दहा मिनिटं तिनं त्याला आधीच्या सीनमध्ये समजावलेली असू देत. म्हणजे गैरसमज नाही. त्याला कारण माहीत आहे, तरी लागतंच.

दुसरी गोष्ट, तिची चूक. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओलसर वाळूत) ओलावा ३ ते ४ टक्क्यांच्या घरात ठेवतात. पावसाळ्यात वाळू ओली येते, मिक्सिंगला कोणी बघितलं नाही तर ओलावा वाढतो, ओतताना वाफ होते आणि कास्टिंगच्या कातडीखाली ब्लोहोल, म्हणजे वाफेची भोकं, राहतात. वरनं माल चकचकीत. ग्राहकाकडं मशिनिंग झालं की भोकं उघडी पडतात, म्हणजे काही आठवड्यांनी. कास्टिंगवर हीट नंबर असतो, त्यावरनं तो माल कुठल्या दिवशी ओतला ते निघतं. रिजेक्शनचा कागद येतो, ती हीट नंबर बघते, आणि तो दिवस ती बंगळूरला त्याच्याजवळ होती तो निघतो. खलनायक लागत नाही मग.

बारीकसारीक: भट्टीतनं धातू १५०० अंशांच्या आसपास काढतात, मोल्डात ओतताना १३५० ते १४००. फार थंड झाला तर मोल्ड पुरता भरत नाही. लेडल आधी तापवून कोरडा करतात, कारण ओलाव्यावर वितळलेलं लोखंड पडलं की स्फोट होतो. त्यामुळं भट्टीजवळ नायिकेला पाण्याची बाटली देऊ नका आणि ओढणी तर अजिबात नको. सुती कपडे, चामड्याचा एप्रन, तोंडावर शिल्ड, सेफ्टी बूट. ओतकामाला रिटेक नसतो. खरं ओतताना लांबनं शूट करा, नटीचे क्लोजअप भट्टी बंद असताना घ्या.

आणि कारखान्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी ठेव. त्याची शनिवार-रविवार. अख्खा दिवस दोघांना कधी मिळतच नाही.

राजारामपुरी_कट्टेकरी

सोमवारची सुट्टी एक नंबर. नागपूरची माणसं येणार म्हणजे सावजी विरुद्ध तांबडा-पांढरा होणारच, पण तिखटाचा विनोद एकदाच. दुसऱ्यांदा आला की टीव्ही मालिका.

घरच्यांबद्दल एकच सांगतो. आईला "लोक काय म्हणतील" देऊ नका, तिला आकडा द्या. फौंड्रीच्या कॅश क्रेडिटला (बँकेच्या खेळत्या कर्जाला) घर तारण आहे आणि मुलगी परदेशी गेली तर व्याज कोण बघणार, एवढं विचारू द्या. तिला गप्प करणारं उत्तर कुणाकडंच नाही, आणि ती वाईटही ठरत नाही.

कोर्टाची_पायरी

कोर्ट मॅरेज चुकीचं लिहिलं जातं ते इथं: दोघं सकाळी जातात, सही करतात, हार घालतात. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली असं होत नाही. आधी विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यावी लागते, आणि दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस कार्यालयात दर्शनी जागी लागते. ३० दिवसांत कोणी कायदेशीर हरकत घेतली नाही तर लग्न लावता येतं. त्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते, पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट पुढं आहे. एखाद्याचं कायमचं राहणं दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडं जाते आणि तिथंही लागते. नायक नागपूरचा. म्हणजे कोल्हापुरात दिलेली नोटीस नागपुरातल्या फलकावर दिसणार. घरच्यांना बातमी कळवायला फितूर मित्र लागत नाही.

हरकतीला कारणं ठरलेली आहेत: आधीचं लग्न कायम असणं, वय (मुलगा २१, मुलगी १८), संमती देण्याची मानसिक क्षमता नसणं, निषिद्ध नातं. "आम्हाला पसंत नाही" ही हरकत होत नाही. हरकत आली तर अधिकाऱ्यानं ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, तेवढा काळ गोष्ट ताणता येते.

मात्र एक भोक बुजवा. दोघंही हिंदू असतील तर जात वेगळी असली तरी हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे विधी करून नोंदणी करता येते, तिथं ही ३० दिवसांची नोटीस नाही. शाहू महाराजांनी तर आपल्या संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायद्याची मान्यता त्याच्या कितीतरी आधी दिली होती. तेव्हा त्यांनी नोटिशीची वाट का धरली, याला एक वाक्य पाहिजे. दोघांना विधीच नको आहेत, एवढं पुरतं.

तुटण्याबद्दल. परस्परसंमतीच्या घटस्फोटाला किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दिल्यावर दुसऱ्या हजेरीसाठी सहा महिन्यांचा थांबा असतो. योग्य प्रकरणात कोर्ट तो माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलंय. म्हणून "पुढच्या महिन्यात घटस्फोट" हा संवाद काढा. आणि "वेगळं राहणं" एका छपराखालीही धरलं जातं, नवरा-बायको म्हणून संसार थांबलेला असला की झालं. एकाच फ्लॅटमध्ये दोन डबे, दोन किल्ल्या.

गंगावेशीचा_लेखक

हीट नंबर आणि नागपूरचा फलक, दोन्ही घेतले. विमानतळ गेला. पण मग शेवट काय? एकानं स्वप्न सोडलं की लोक नाराज, दोघांनाही सगळं मिळालं की खोटं वाटतं. आणि निर्मात्यांना पाठवण्याआधी पटकथेची नोंदणी कुठं करायची?

पटकथा_कट्टा

शेवटाचा सीन म्हणजे वाटाघाट. चार पानं, एकच जागा, पार्श्वसंगीत नाही. रंकाळ्यावर नको, तिथं सगळे बसवतात. फौंड्रीच्या वजनकाट्याशेजारच्या खोलीत बसवा, मागं ट्रक येतायत-जातायत. दोघं कागदावर करार लिहितात: तो किती महिन्यांसाठी जाणार, कोण किती वेळा प्रवास करणार, तिकिटाचे पैसे कुणाचे, तिनं कुणाला मिक्सिंग शिकवून कधी मोकळं व्हायचं, आणि मुदत संपल्यावर काय झालं तर कोण परत येणार. प्रत्येक कलमावर एकजण काहीतरी सोडतो, आणि सोडलेली गोष्ट आधीच्या तासाभरात आपण बघितलेली असली पाहिजे. सोमवारची सुट्टी बदलायचं कलम इथंच येऊ द्या. शेवटच्या कलमावर दोघांचं जमत नाही. ते कोरं ठेवून सह्या करतात. लोक नाराज होत नाहीत, कारण कुणी हरलेलं नाही. खोटंही वाटत नाही, कारण जे मिळालं त्याची किंमत त्यांनी डोळ्यांनी बघितलीय.

यासाठी पेरणी आधीच करा. तीस पानांच्या आत दोघं असाच एक फालतू करार करताना दाखवा, भांडी कुणी घासायची वगैरे. नाहीतर शेवटी अचानक कागद-पेन काढणं जुळवून आणलेलं वाटेल.

नोंदणी: मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या, पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. त्यानं तारखेचा पुरावा मिळतो. कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी वेगळी: फॉर्म १४, साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये, आणि हरकतींसाठी ३० दिवसांचा थांबा. नुसत्या कल्पनेवर हक्क मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच ते स्पष्ट केलंय. त्यामुळं "फौंड्रीवाली मुलगी आणि बंगळूरचा मुलगा" एवढ्यावर कुणाला अडवता येणार नाही, सीन आणि संवादांसकट पूर्ण मसुदा नोंदवा. मसुदा बराच बदलला की पुन्हा नोंदवा. निर्मात्याला गोष्ट तोंडी ऐकवली तर त्याच दिवशी त्याला ईमेल टाका: आज अमुक नावाची पटकथा ऐकवली, सोबत चार ओळींचा सारांश. फोनवरचं बोलणं पुराव्याला पुरत नाही.

शिरोली_ओतकाम

वजनकाट्याची खोली घेणार असशील तर ट्रकचा आवाज साउंडवाल्याला आधी सांग. काट्यावर लोखंडी प्लेट असते, गाडी चढली की दणका बसतो. संवाद डब करावे लागतील, तो खर्च बजेटात धर.