वाणी जयराम : ‘ऋणानुबंधाच्या’ गाणारा आवाज दक्षिणेत का गेला?

केळीचे_बन (चोपडा)

सर्वांना नमस्कार.

आमच्या चोपड्यात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही पंधरा-वीस जण जुनी गाणी ऐकायला एकत्र बसतो आणि दर वेळी कुणीतरी एका कलाकाराविषयी अर्धा तास बोलायचे, असा शिरस्ता आहे. या वेळची पाळी माझी आहे आणि मी पार्श्वगायिका वाणी जयराम यांचे नाव कळवून बसले आहे.

वडील नाटकवेडे होते. त्यांच्याकडे नाट्यगीतांची एक कॅसेट होती. तिची फीत वारंवार अडकायची आणि वडील ओट्यावर बसून पेन्सिलीने ती हळूहळू गुंडाळत. त्या कॅसेटवर ‘ऋणानुबंधाच्या’ हे गाणे होते. वेष्टनाच्या कागदावर कुमार गंधर्वांचे नाव ठळक अक्षरांत आणि त्याखाली बारीक अक्षरांत वाणी जयराम यांचे. उच्चार इतके स्वच्छ, की या बाई मराठीच असणार असे मी कित्येक वर्षे धरून चालले होते. शाळेत रोज ‘हम को मन की शक्ति देना’ म्हणत होतो, तेही त्यांनीच गायलेले आहे हे तर मला नोकरीला लागल्यावर कळले.

यापलीकडे मला ‘गुड्डी’ चित्रपटातले ‘बोले रे पपीहरा’ तेवढे ठाऊक आहे. ‘गुड्डी’सारखे यश पदरात पडल्यावरही त्या दक्षिणेकडे का गेल्या, हिंदीत त्यांना जागा मिळाली नाही असे जे बोलले जाते ते कितपत खरे, आणि तमीळ घरात वाढलेल्या मुलीच्या तोंडी मराठी इतके चपखल कसे बसले, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती. दक्षिणेतील कोणती गाणी ऐकवावीत तेही सुचवावे. मंडळींपैकी कुणालाच तिकडच्या भाषा येत नाहीत.

लोकोशेड (भुसावळ)

केळीचे_बन ताई, माझी उभी हयात रेल्वेत गेली. आमच्या क्वार्टर्सच्या ओळीत एक तमीळ कुटुंब राहत असे. त्या घरातल्या मामी शुक्रवारी सकाळी गजरा ओवताना ‘मल्लिगै एन् मन्नन् मयंगुम्’ हे गाणे गुणगुणत असत. मल्लिगै म्हणजे मोगरा, एवढेच त्यांनी मला सांगितले होते, आणि ‘बोले रे’वालीच ही, हेही. तेव्हापासून मी या आवाजाच्या मागावर आहे.

त्यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1945 रोजी वेल्लोर येथे झाला. माहेरचे नाव कलैवाणी. कर्नाटक संगीताची तालीम लहानपणीच सुरू झाली आणि वयाच्या आठव्या वर्षी त्या मद्रास आकाशवाणीवर गायल्या. मात्र घरात कर्नाटक संगीत आणि कान रेडिओ सिलोनच्या हिंदी गाण्यांकडे, असे त्यांचे बालपण होते, आणि पुढच्या सगळ्या वाटचालीचे मूळ मला या दुहेरी ओढीत दिसते. मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजात शिक्षण झाल्यावर त्या स्टेट बँकेत लागल्या, 1967 मध्ये त्यांची हैदराबादला बदली झाली आणि लग्नानंतर बदली मागून त्या मुंबईत आल्या. पती जयराम यांनीच त्यांना हिंदुस्थानी संगीत शिकण्याचा आग्रह धरला. पतियाळा घराण्याचे उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे तालीम सुरू झाली आणि ती इतकी कसून चालली, की अखेर त्यांनी बँकेची नोकरी सोडली. त्या काळी एका तरुण स्त्रीने स्टेट बँकेची कायमची नोकरी सोडून गाण्याच्या भरवशावर राहणे म्हणजे केवढे धाडस, हे ज्यांनी सरकारी नोकरीवर घर चालवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आता तुमच्या आवडीचा भाग. त्यांचा आवाज प्रथम हेरला तो संगीतकार वसंत देसाई यांनी. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकाचे संगीत देसाईंकडे होते आणि त्यातील ‘ऋणानुबंधाच्या’ हे गीत त्यांनी वाणी जयराम यांना दिले, तेही कुमारजींच्या जोडीने. ‘गुड्डी’ त्यानंतरची, 1971 ची. म्हणजे हिंदीत नाव झाले म्हणून आपल्याकडे बोलावलेली ही पाहुणी नव्हे. चित्रपटाचे दार उघडण्याआधी मराठी रंगभूमीच्या गाण्याने तिला उभे केले. तुमच्या अर्ध्या तासात एवढी एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण आपल्याकडच्या भल्याभल्या रसिकांना हा क्रम उलटा वाटतो.

दक्षिणेत त्या ‘गेल्या’ यापेक्षा तिकडून बोलावणी येत गेली, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते. 1973 च्या ‘स्वप्नम्’ या मल्याळम चित्रपटात सलील चौधरींनी त्यांना गाणे दिले, 1974 च्या ‘दीर्घ सुमंगली’मध्ये एम. एस. विश्वनाथन यांनी मोगऱ्याचे ते गाणे गाऊन घेतले आणि तमिळनाडूत त्या घरोघरी पोहोचल्या. त्याच सुमारास त्यांनी मुंबईतला मुक्काम हलवून मद्रास गाठले. हिंदीत त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने प्रार्थना, भजन आणि रागदारी ढंगाची गाणी येत होती, तर दक्षिणेत अंगाईपासून प्रणयगीतापर्यंत आणि लोकगीतापासून कीर्तनापर्यंत सारे काही. ज्या गळ्याला हे सगळे पेलते, त्याने भजनापुरते का थांबावे?

काळी_दोन (जळगाव)

वरील सर्वच माहिती उत्तम आहे. मी गेली तीस वर्षे पेटी वाजवतो आणि शिकवतो, त्यामुळे केवळ गाण्याच्या अंगाने लिहितो.

प्रथम उच्चारांविषयी. तमीळ लिपीत ख, घ, थ, ध, भ यांना स्वतंत्र अक्षरे नाहीत. एकच ‘क’ जागेनुसार क किंवा ग होतो आणि महाप्राणाचा, म्हणजे ‘ह’ मिसळलेल्या उच्चाराचा, तर प्रश्नच येत नाही. ‘ऋणानुबंधाच्या’ या पहिल्याच शब्दातला ‘धा’ आणि त्याच ओळीत पुढे येणारे थ, ठ हे त्यामुळे त्या भाषेत वाढलेल्या गळ्यासाठी परकेच. कॅसेट लावून तो ‘धा’ नीट ऐका. त्यावर जोर दिलेला नाही, तो चाटूनही गेलेला नाही. आपल्या आजीने म्हणावा तसा भरीव आला आहे. उलट ‘ण’ आणि ‘ळ’ तमीळ माणसाच्या जिभेवर जन्मतःच असतात आणि हिंदी गायक नेमके तिथेच अडखळतात. संगीतकार चाल सांगत असताना शब्द आणि स्वर स्वतःच्या वहीत उतरवून घेण्याची वाणी जयराम यांना सवय होती. पुढे त्या एकोणीसच्या आसपास भाषांत गायल्या, त्यामागे ही वही आहे असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

दुसरी बाब रागांची. ‘बोले रे पपीहरा’ मियाँमल्हारात आहे. आंदोलित, म्हणजे संथपणे झुलणारा, कोमल गंधार आणि लागून येणारे दोन्ही निषाद, ही या रागाची खूण. कर्नाटक संगीतात वाढलेल्या गायिकेचा गंधार त्या पद्धतीच्या गमकाकडे, म्हणजे स्वर जोरकसपणे हलवण्याकडे, झुकण्याचा धोका येथे होता, कारण आंदोलन आणि गमक वरवर सारखेच वाटतात. तसे कुठेही झालेले नाही. आता 1975 च्या ‘अपूर्व रागंगळ’ या तमीळ चित्रपटातील ‘एळु स्वरंगळुक्कुळ्’ ऐका. ही रागमालिका, म्हणजे एकाच गाण्यात अनेक राग, आहे आणि सुरुवात पंतुवराळी या कर्नाटक रागात आहे. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, कोमल धैवत, म्हणजे स्वर आपल्या पूरिया धनाश्रीचेच, पण चलन सर्वस्वी निराळे. तिथे त्यांनी उस्तादजींची तालीम बाजूला ठेवली आहे आणि स्वर दक्षिणेच्या रीतीने हलवला आहे. माझ्या वर्गात मी ही दोन गाणी पाठोपाठ लावतो आणि मुलांना पेटीला हात लावू देत नाही, कारण हा फरक पेटीच्या पट्ट्यांत नाहीच, तो दोन स्वरांच्या मधल्या जागेत आहे. पडद्यावर हे गाणे श्रीविद्या यांच्यावर आहे आणि त्या स्वतः एम. एल. वसंतकुमारींसारख्या थोर कर्नाटक गायिकेच्या कन्या. अशा अभिनेत्रीला उसना आवाज देणे सोपे नव्हते. या गाण्याने वाणी जयराम यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ज्यांना भाषा येत नाही त्यांच्यासाठी माझी शिफारस ‘स्वातिकिरणम्’मधील ‘आनति नीयरा’ या तेलुगू गाण्याची आहे. चित्रपटात ते एक लहान मुलगा गातो. वाणी जयराम तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेल्या होत्या. मुलाचा आवाज काढायचा म्हणून त्यांनी गळा बारीक केलेला नाही की लाडिक बोलणे आणलेले नाही. स्वर सरळ ठेवला आहे, त्यावरचे प्रौढ वजन काढून घेतले आहे आणि अवघड जागा बालसुलभ निर्भयपणे घेतल्या आहेत. ‘शंकराभरणम्’ या तेलुगू चित्रपटातही ‘दोरकुना इटुवंटि सेवा’ गाताना थकलेले गुरू कोसळतात आणि उरलेले गाणे त्यांचा बालशिष्य पूर्ण करतो. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या आवाजाकडून वाणी जयराम यांच्या आवाजाकडे ते गाणे जाते, त्या क्षणी माझ्या डोळ्यांत आजही पाणी येते.

पांझराकाठ (धुळे)

एक पुरवणी. पुरस्कारांची वर्षे सांगताना घोटाळा होऊ देऊ नका. ‘शंकराभरणम्’ 2 फेब्रुवारी 1980 रोजी प्रदर्शित झाला, पण त्यातील गाण्यासाठी वाणी जयराम यांना मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार 1979 या वर्षाचा आहे. ‘स्वातिकिरणम्’ 1992 चा आणि पुरस्कार 1991 चा. राष्ट्रीय पुरस्कारासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र कोणत्या वर्षी मिळाले ते पाहतात, म्हणून हा फरक पडतो. तीन राष्ट्रीय पुरस्कारांखेरीज गुलजार यांच्या ‘मीरा’ (1979) मधील ‘मेरे तो गिरिधर गोपाल’साठी फिल्मफेअर मिळाले. त्या चित्रपटाला पंडित रविशंकर यांचे संगीत होते.

हिंदीत त्यांना जागा मिळाली नाही, याविषयी मात्र माझे मत लोकोशेड दादांपेक्षा थोडे वेगळे आहे. रविशंकर यांच्यासारखा संगीतकार मीरेची भजने ज्या गायिकेकडून गाऊन घेतो, तिच्या वाट्याला ‘गुड्डी’ आणि ‘मीरा’ यांच्यामधल्या वर्षांत त्या तोडीचे हिंदी काम फार थोडे यावे, याला मी नुकसान म्हणेन. ते त्यांचे नव्हे, हिंदी गाण्याचे नुकसान. वसंत देसाई 1975 च्या डिसेंबरात अपघातात गेले आणि मुंबईत वाणी जयराम यांच्यासाठी हक्काने चाल बांधणारा माणूसच उरला नाही. कुणी कुणाला अडवले याच्या कहाण्या अनेक ऐकू येतात. पुराव्यावाचून त्या आपल्या रविवारच्या बैठकीत आणू नयेत, असे मी कळकळीने सुचवतो.

शेवटच्या दिवसांबद्दलही सांगा. 2018 मध्ये जयराम गेले. जानेवारी 2023 मध्ये पद्मभूषण जाहीर झाला. 2 फेब्रुवारीला ‘शंकराभरणम्’चे दिग्दर्शक के. विश्वनाथ यांचे निधन झाले, तो चित्रपट पडद्यावर आला त्याच तारखेला. आणि 4 फेब्रुवारीला चेन्नईच्या नुंगमबाक्कम भागातील राहत्या घरी वाणी जयराम यांनी जगाचा निरोप घेतला. पद्मभूषण हाती पडायचा राहूनच गेला.

केळीचे_बन (चोपडा)

लोकोशेड दादा, काळी_दोन सर, पांझराकाठ, तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री ‘आनति नीयरा’ आईला ऐकवले. एक अक्षर कळले नाही, तरी तिने हातातली वाटाण्याची शेंग तशीच धरून ते शेवटपर्यंत ऐकले आणि मग विचारले, “लेकरू कुणाचं गं हे?” सत्तेचाळीस वर्षांच्या आसपासच्या बाई आहेत, असे सांगितल्यावर तिने पुन्हा एकदा लावायला सांगितले.

रविवारी सुरुवात ‘ऋणानुबंधाच्या’ने करून ‘बोले रे’, मोगऱ्याचे गाणे, ‘एळु स्वरंगळुक्कुळ्’ आणि मग ‘आनति नीयरा’, असा क्रम ठरवला आहे. वडिलांची ती कॅसेट सापडली आहे. फीत आतून दोन ठिकाणी मुडपली आहे, पण वेष्टनाचा कागद शाबूत आहे. तोच बैठकीत सर्वांच्या हाती फिरवीन. सर, ‘धा’ ऐकण्यासाठी पहिली ओळ मी दोनदा लावणार आहे. चोपड्याला येणे जमले तर पेटी घेऊन या.