मदत हवी आहे: म्हाताऱ्या लॅब्राडॉरला टॅक्सीने परळला न्यायचंय

आमची लॅब्राडॉर 11 वर्षांची आहे, मागच्या पायांत जोरच राहिला नाहीये, तिला डोंबिवलीहून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला न्यायचंय पण अ‍ॅपवरून गाडी बोलावली की ड्रायव्हर कुत्रा बघून कॅन्सल करतात. सीटवर केस पडतात, साफसफाई त्यांच्याच गळ्यात येते, तेही खरंच आहे, म्हणून चादर मी आणीन आणि वरचे पैसेही देईन. आधी सांगितल्यावर हो म्हणणारा कुणी टॅक्सीवाला आहे का ओळखीचा? एसी लावणारा हवा, उकाड्यात ती फार धापा टाकते. आणि तिला हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घालून सीटबेल्टला अडकवू की खाली पायाशी झोपवू? गळ्यातल्या पट्ट्याला बेल्ट नकोच, ब्रेक लागला की मानेला हिसका बसतो. प्लीज सांगा, तिचे हाल बघवत नाहीयेत.