ब्रिटनहून आलेल्या फुटबॉलच्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करायच्या आहेत

डावा_विंगर
सासऱ्यांच्या लेस्टरच्या घरातलं कॅसेटचं खोकं पुण्याला आलंय. बहुतेक ई-१८०, टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या. मॅच ऑफ द डे (बीबीसीचा फुटबॉलचा कार्यक्रम), एफए कपच्या फायनल, मधेमधे जुन्या मालिका आणि इतिहासाचे माहितीपट. लेबलं अर्धवट, एकावर ‘लिव्हरपूल, लीग, ऑक्टो. ८५’ असं लिहिलंय. इंग्लंडची कॅसेट इथल्या व्हीसीआरवर चालेल का? आणि कॉम्प्युटरवर घ्यायला स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर पुरेल का?

टेपवेडा
चालेल. दोन्ही देशांत टीव्ही चित्राची पद्धत एकच, पाल. फरक होता तो जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात: आपल्याकडे आवाजाची लहर चित्राच्या वर ५.५ मेगाहर्ट्झवर, ब्रिटनमध्ये ६ वर. टेपवर तो फरक उतरतच नाही. फक्त व्हीसीआरही तिकडचा असेल तर अँटेनाच्या सॉकेटमधून जोडू नका. चित्र येईल, आवाजाची बोंब. एव्ही वायर वापरा.

कॅसेट आत घालण्याआधी खिडकीतून टॉर्च मारून बघा. गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट बाजूला काढा, कारण ती हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढच्या प्रत्येक टेपवर पसरते. स्वच्छ असलेली आधी पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं पडून असलेल्या फितीचा ताण सारखा होतो. हेड पुसताना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारा कागद. कागद स्थिर धरायचा आणि हेड बसवलेला ड्रम हाताने फिरवायचा. कापसाच्या काडीने वर-खाली घासलंत तर हेड तुटलंच समजा.

ई-१८० म्हणजे एसपीमध्ये (नेहमीचा वेग) ३ तास, एलपीमध्ये (अर्धा वेग) ६. माणसं भरभर पळायला लागली तर टेप खराब नाही, तुमच्या व्हीसीआरला एलपी नाही.

कॉप_एंड
ते ‘ऑक्टो. ८५’ चुकलंय, पैज लावतो. टीव्ही कंपन्या आणि लीग यांचं पैशांवरून फाटलं होतं, त्यामुळे १९८५-८६ च्या हंगामात जानेवारीपर्यंत लीगचा एकही सामना टीव्हीवर आला नाही. युरोपातलाही नसणार, कारण १९८५ च्या हेझेल स्टेडियममधल्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर तिथे बंदी होती. वर्ष तरी दुसरं असेल किंवा स्पर्धा तरी.

लेबलापेक्षा पडद्यावर विश्वास ठेवा. १९८३ पर्यंत टीव्हीवरच्या सामन्यात शर्टावर प्रायोजकाचं नाव चालत नसे. प्रीमियर लीगमध्ये हिरव्या शर्टातला रेफरी दिसला की १९९२ किंवा त्यानंतरचं. पाठीवर खेळाडूचं नाव असेल तर लीगपुरतं १९९३-९४ पासून पुढे. आणि १९८८ ते ९२ या काळात लीगचे हक्क आयटीव्ही या खासगी वाहिनीकडे होते, त्यामुळे त्या वर्षांतल्या बीबीसीच्या टेपवर एफए कप सापडेल, लीग नाही.

डावा_विंगर
बापरे, हे भारी आहे. यूएसबीचं काय?

फीत_फिरकी
चालतं, पण एकटं नाही. व्हीएचएसचा सिग्नल थरथरता असतो. स्वस्त यंत्राला तो झेपत नाही, फ्रेम गळतात, आणि अर्ध्या तासात समालोचन चित्राच्या पुढे-मागे व्हायला लागतं. मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलची थरथर काढणारं यंत्र, हवं. ते परवडत नसेल तर पॅनासोनिकचा डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर शोधा. नुसता सिग्नल त्यातून पास केला तरी उभ्या रेषा सरळ होतात.

७२० बाय ५७६ मध्ये घ्या, हफ-वाययूव्हीसारख्या लॉसलेस (दर्जा न घटवणाऱ्या) कोडेकमध्ये. तासाला साधारण ३० जीबी जागा लागते. डीव्ही या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या फॉरमॅटमध्ये १३ जीबीत भागतं, पण गवताच्या हिरव्या रंगात चौकोन दिसतात. तळाशी फाटलेली पट्टी दिसेल, ती हेड बदलतानाची आहे. ती झाका, तेवढ्यासाठी चित्र ताणू नका.

खरा घोळ नंतर होतो. पालमध्ये सेकंदाला ५० अर्धी चित्रं (फील्ड) असतात. बहुतेक जण डीइंटरलेस करताना, म्हणजे त्यांची पूर्ण चित्रं बनवताना, २५ फ्रेमवर आणतात. मालिकेला खपतं, फुटबॉलमध्ये चेंडू उड्या मारत जातो. ५० चे ५० ठेवा. क्यूटीजीएमसी हे सॉफ्टवेअर हे काम उत्तम करतं, मात्र संथ आहे. खेळाडू पुढे-मागे थरथरले तर फील्डचा क्रम उलटा पडलाय: ॲनालॉग कॅप्चर कार्डात सहसा वरचं फील्ड आधी, डीव्हीत खालचं.

टेपवेडा
जाहिराती आणि निवेदनं कापू नका. तारीख बऱ्याचदा तिथूनच कळते, आणि जुन्या टीव्हीच्या शोधात असणाऱ्यांना सामन्यापेक्षा तेच हवं असतं. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचे १९६० च्या दशकातले गहाळ भाग सापडण्याची आशा मात्र सोडा, तेव्हा घरोघरी व्हीसीआरच नव्हते.

शिवाय बीबीसीच्या रेकॉर्डिंगमध्ये चित्राच्या वरच्या, न दिसणाऱ्या ओळींत सीफॅक्सची, म्हणजे बीबीसीच्या टीव्हीवरच्या मजकूर-सेवेची, पानं दडलेली असतात, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख-वेळ. व्हीएचएसमध्ये ती पुसट होतात, पण तेच पान पुन:पुन्हा येत असल्याने सॉफ्टवेअर अक्षरं जुळवतं. त्यासाठी त्या ओळी पकडणारं कॉम्प्युटरच्या आत बसणारं जुनं पीसीआय कार्ड लागेल. यूएसबीवाले बहुधा त्या कापूनच टाकतात. ऑक्टो. ८५ चा निकाल तिथे लागेल.