गच्चीवरचा सिनेमा आणि बँकेतला माइक

सेक्रेटरी बी-२०३: शनिवारी गच्चीवर कुठला सिनेमा लावायचा, नावं सुचवा. लहान मुलं असतात हे लक्षात ठेवून. पडदा बांधायला दोघं हवेत.

निखिल ए-४०१: मॅजिक माइक

निखिल ए-४०१: सॉरी सॉरी 🙈 कॉलेजच्या ग्रुपवर टाकायचं होतं

सेक्रेटरी बी-२०३: आधी डिलीट कर.

गोखले आजी: मी वाचलं. जादूचे प्रयोग आहेत का रे?

निखिल ए-४०१: नाही आजी. क्लबमध्ये बायकांसमोर कपडे काढत नाचणारे पुरुष असतात, त्यांच्यावर आहे. अमेरिकेतलं टँपा शहर.

गोखले आजी: मग नको बाई. गच्चीवर आधीच गारठा.

सावंत काकू: मी बघितलाय. नाच बघायलाच बसले होते, खोटं कशाला बोलू! पण लक्षात राहिली ती बँक.

जोग काका सी-१०२: बँक कुठून आली यात?

सावंत काकू: तुमच्यासाठीच आली काका. हा माइक दिवसा कौलं बसवतो, रात्री नाचतो. खरं तर त्याला फर्निचरचा धंदा काढायचाय. वादळानंतर सापडलेल्या सामानातून टेबलं बनवतो. पैसे साठवलेत, सगळे रोख. चष्मा-टाय लावून नोटांची बंडलं घेऊन कर्ज मागायला जातो. समोरची बाई गोड बोलते आणि नाही म्हणते. क्रेडिट स्कोअर कमी ना!

जोग काका सी-१०२: बरोबरच केलं तिनं. मार्जिन मनी, म्हणजे स्वतःचा वाटा, आहे म्हणून कर्जाचं प्रपोजल होत नाही. कमाईचा कागद कुठाय?

सावंत काकू: तो तिलाच सुनावतो, अडचणीत तुम्ही आहात, पेपर मीही वाचतो.

जोग काका सी-१०२: कधीचा सिनेमा?

निखिल ए-४०१: २०१२ चा. म्हणजे २००८ ला तिकडच्या बँका बुडाल्या-बुडवल्या, त्यानंतरचा.

जोग काका सी-१०२: हं. मग बोलला ते खोटं नाही.

देसाई ए-१०३: बाई नाचणारी असती तर एवढ्या कौतुकानं बोलला असतात का?

सावंत काकू: नसते बोलले, कबूल. पण सिनेमात कौतुक नाहीये हो. माइक एका एकोणीस वर्षांच्या पोराला या धंद्यात आणतो. पोरगा नशेच्या गोळ्यांत अडकतो, गुंडांचं देणं होतं. ते १०,००० डॉलर माइक स्वतःच्या शिल्लकीतून भरतो. टेबलांचा धंदा तिथंच आडवा. आणि पोरगा मजेत!

रोहन जिम डी-३०४: आमचंही तेच की. पर्सनल ट्रेनिंगची फी अर्धी रोख येते. स्वतःची छोटी जिम काढायची म्हणून एका बँकेत गेलो होतो. साहेबांनी दंड बघून विचारलं, बाउन्सर का? फाइल उघडलीच नाही.

गोखले आजी: गणपत पाटलांचं असंच झालं. तमाशापटांत नाच्या करायचे. लोकांना वाटायचं घरीही तसेच असतील. संसारी माणूस, बायकामुलं असलेला. फार सोसलं त्यांनी.

सावंत काकू: आजी, अगदी हेच! माइक त्या मुलाच्या बहिणीला तेच सांगत असतो, करतो ते काम म्हणजे मी नव्हे.

निखिल ए-४०१: हिरो चॅनिंग टेटम अठरा-एकोणीसचा असताना खरंच टँपात नाचायचा. पुढे त्यानं आणि दिग्दर्शक सोडरबर्गनं स्वतःच्या खिशातले साधारण ७० लाख डॉलर घातले आणि सिनेमा काढला. जगभरात १६ कोटींच्या वर आले, डॉलर.

जोग काका सी-१०२: म्हणजे तेही बँकेत गेले नाहीत. शहाणे.

जोग काका सी-१०२: फर्निचरचं पुढे काय झालं?

निखिल ए-४०१: २०१५ च्या दुसऱ्या भागात धंदा आहे, पण ओढाताण. २०२३ च्या तिसऱ्यात कोविडनं बुडवलेला. माइक बारमध्ये दारू ओततोय.

जोग काका सी-१०२: खेळतं भांडवल नसणार. टेबल सुंदर असून भागत नाही, पुढच्या टेबलाचं लाकूड आणायला पैसा लागतो.

देसाई ए-१०३: काका, सिनेमा न बघता ऑडिट केलंत 😂

जोग काका सी-१०२: रोहन, रिटर्न भरतोस का?

रोहन जिम डी-३०४: दोन वर्षांचे भरलेत काका.

जोग काका सी-१०२: रोखीची फी खात्यात भरतोस की तशीच वापरतोस?

रोहन जिम डी-३०४: तशीच जाते.

जोग काका सी-१०२: उद्यापासून आधी खात्यात, मग खर्च. रविवारी पासबुक आणि रिटर्न घेऊन ये. दहानंतर ये, आधी माझी आंघोळ नसते.

गोखले आजी: आणि त्याला दंडांवरून काही बोलू नका.

सेक्रेटरी बी-२०३: सिनेमा अजून ठरलेला नाही. पडदा बांधायला कोण येतंय?

रोहन जिम डी-३०४: मी येतो.

सावंत काकू: शर्ट घालून ये रे 😄