वकीलमंडळींनो, तुमचा दिवस कोणाच्या हातात असतो?

वकिलीत समाधान आहे का, असं विचारलं की सगळे 'चाललंय' म्हणतात आणि बार रूममध्ये चहा मागवतात. म्हणून प्रश्न जरा फिरवून विचारतो. सकाळी उठल्यावर तुमचा दिवस कोण ठरवतं : बोर्ड (कोर्टाची त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी), सिनियर, पक्षकार की तुम्ही? आणि तरीही हे काम का करता, किंवा का सोडलंत? गाव आणि कामाचा प्रकार लिहा. सिनियर, न्यायाधीश, पक्षकार यांची नावं नकोत. पैशांबद्दल लिहिलं तर उत्तमच, एरवी त्यावर आपल्यात कोणी तोंड उघडत नाही.

कोल्हापूर, अपिलांची कामं

आमचा दिवस बरीच वर्षं महालक्ष्मी एक्सप्रेसच्या हातात होता. रात्री कोल्हापुरात बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, ओळखीच्या लॉजवर अंघोळ उरकायची, बॅग तिथेच टाकून फोर्टातल्या उच्च न्यायालयात चालत. बोर्डावर आपलं मॅटर साठ-सत्तरच्या पुढे असलं की दुपारीच अंदाज यायचा, आज काही होत नाही. पण उठून जायची सोय नाही. वरची चार मॅटर पटापट निघाली आणि पुकाऱ्याला आपण जागेवर नसलो तर? संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत गाडी. पक्षकार कागलकडचा शेतकरी. त्याला माझी फी एक वेळ परवडायची, माझा प्रवास नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये इथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची कामं आता इथे चालतात. त्यासाठी बारने किती आंदोलनं केली ते लिहायला घेतलं तर वेगळा धागा काढावा लागेल. आता मधल्या सुट्टीत घरी जेवायला जातो. काम मात्र कमी झालेलं नाही. पूर्वी मुंबईच्या वकिलांकडे जाणारे ब्रीफ इथेच येतात, आणि गाडी पकडायची नसल्यामुळे रात्री टेबलावरून कधी उठायचं हे सांगणारं कोणी उरलं नाही. बायको म्हणते, 'गाडीत निदान झोपत तरी होता.'

समाधान आहे का? आहे. पक्षकार स्वतः मागच्या बाकावर बसून आपलं प्रकरण ऐकतो. मुंबईत हे क्वचितच व्हायचं.

पुणे, ज्युनियर

पैशांचं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं. ज्युनियरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. शिफारस आहे, सक्ती नाही. मला त्याच्या निम्मेही मिळत नाहीत, आणि माझ्या बॅचमध्ये मी सुखी गणला जातो.

सिनियर वाईट नाहीत. उलटतपासात हवं ते उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न न विचारता खाली बसायचं असतं, हे त्यांच्याकडे बघून शिकलो. पण माझा दिवस म्हणजे तीन कोर्टांत पळापळ आणि पुकारा झाला की 'सिनियर दुसऱ्या कोर्टात आहेत, थोडा वेळ मिळावा.' जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशपदाची, परीक्षा द्यायची आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, म्हणून थांबलोय. अभ्यासाला वेळ मिळतो तो रात्री अकरानंतर. घरचे म्हणतात, वकील झालास आणि पेट्रोलला पैसे आम्हीच द्यायचे? त्यांचंही बरोबर आहे.

लातूर जिल्हा, तालुका कोर्ट

पुण्याच्या भावा, इकडे ये. खर्च कमी. माझ्याकडे बहुतेक वाटणीचे दावे. फी दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता सोयाबीन विकल्यावर. निशाणी पाचचा (तात्पुरत्या मनाईचा) अर्ज मंजूर झाला की पक्षकार खूश, मग दावा कितीही वर्षं चालो. एका आजोबांच्या दाव्याची दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचं काम, सध्या त्यांच्या नातवासाठी चालवतोय. दिवस बराचसा माझ्याच हातात असतो, बाजाराचा दिवस सोडून. त्या दिवशी गावोगावची माणसं कागदांची पिशवी घेऊन येतात, सातबारा दाखवतात, सल्ला घेतात आणि 'येतो साहेब' म्हणून निघतात. फीचा विषय निघत नाही, मीही काढत नाही. पुढेमागे दावा लागला तर माझ्याकडेच येतील, हा हिशोब त्यात आहे. एक सांगून ठेवतो, लग्नाच्या स्थळांना तालुक्याचा वकील नको असतो.

गाव सांगत नाही, दिवाणी

समाधान वगैरे नंतर बघू. आधी कोर्टातून कागदांची नक्कल मिळू दे.

नाशिक, कौटुंबिक दावे

कोर्ट सुटलं की वकील सुटला असं लोकांना वाटतं. आमचं निम्मं काम संध्याकाळच्या ऑफिसात होतं, सहा ते नऊ, कारण पक्षकारही आपापली नोकरी करूनच येतात. नेमका तोच वेळ घरात मुलांच्या अभ्यासाचा, कुकरचा आणि सासूबाईंच्या गोळ्यांचा. पुरुष वकिलांचं ऑफिस घराच्या पुढच्या खोलीत असतं आणि आतून चहा येतो. माझंही पुढच्याच खोलीत आहे. फक्त चहा करायला मीच आत जाते.

पोटगी आणि मुलांच्या ताब्याच्या कामात फोन हा मोठा विषय. रात्री साडेअकराला 'मॅडम, तो दारात उभा आहे' असा फोन आला तर उद्या ऑफिसला या असं म्हणता येत नाही. पण 'मॅडम, त्याने स्टेटसला काय ठेवलंय बघा' हाही फोन साडेअकरालाच येतो. म्हणून दुसरा नंबर घेतला आणि वकीलपत्रावर सही घेतानाच सांगते, हा फक्त दारात उभा राहणाऱ्यासाठी. बायका बहुतेक पाळतात. त्यांचे भाऊ पाळत नाहीत.

घटस्फोटाच्या निकालाला कोणी पेढे आणत नाही. पण अंतरिम पोटगीची पहिली रक्कम खात्यात आली की हमखास फोन येतो. तो फोन मी कुकर बंद करून घेते.

मुंबई, आधी लॉ फर्म, आता कंपनीत

बिलासाठी सहा मिनिटांचं एक युनिट. दिवसभरातली सगळी युनिट टाइमशीटमध्ये कुठल्या ना कुठल्या क्लायंटच्या नावावर टाकायची. आईशी फोनवर बोललेला वेळ कोणाच्याच नावावर पडत नाही, म्हणून तो वाया गेल्यासारखा वाटायला लागला. तेव्हा सोडलं. आता पूर्णवेळ पगारी नोकरी, त्यामुळे सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करून घेतली. साडेसहाला लॅपटॉप बंद. पगार उत्तम. मात्र सुनावणीला बाहेरच्या वकिलांच्या मागे बसते, त्यांच्याकडून राहून गेलेला मुद्दा जिभेवर असतो आणि उभं राहून बोलायचा हक्क नसतो. चिठ्ठी पुढे सरकवते.

बाकी, उशिरापर्यंत काम म्हणजे निष्ठा, हे आपल्या क्षेत्राने फार डोक्यावर घेतलंय. मे २०१८ मध्ये उन्हाळी सुट्टीच्या आदल्या दिवशी न्या. शाहरुख काथावाला मुंबई उच्च न्यायालयात पहाटे साडेतीनपर्यंत बसले होते. कौतुक झालं, रास्तच होतं. मला मात्र तेव्हा स्टेनो, पट्टेवाले आणि शेवटची लोकल निघून गेलेले ज्युनियर डोळ्यांपुढे आले. त्यांच्याबद्दल फारसं वाचायला मिळालं नाही.

विदर्भ, लोकअभिरक्षक कार्यालय

ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची कामं. खासगी केस घ्यायची नाही, पगार ठरलेला. पक्षकाराकडे फी मागावी लागत नाही, यात केवढा आराम आहे ते खासगी वकिली केलेल्यालाच कळेल. तुरुंगात भेटायला गेलो की पहिला प्रश्न नेहमी 'तारीख कधी?' बारमध्ये काही जण 'फुकटवाले वकील' म्हणतात. म्हणोत. नेमणूक कराराची आहे, टोचतं ते एवढंच.

वकिलांचा कारकून

वकिलांच्या धाग्यावर कारकुनाने लिहिलं तर चालेल ना? साहेब लोकांचा दिवस कोणाच्याही हातात असो, आमचा त्यांच्या हातात असतो. पूर्वी फायलिंगची खिडकी बंद झाली की विषय संपायचा. मुदतीचा शेवटचा दिवस असला तरी त्या वेळेच्या आत पळायचं, मग घरी. ई-फायलिंग आल्यापासून खिडकीच नाही. साहेब रात्री नऊला ड्राफ्ट पाठवतात. मग पानांना नंबर, स्कॅन, कोर्ट फी, अपलोड. घरचा वायफाय माझा, स्कॅनर माझ्या मुलाच्या मोबाइलवर. आमच्या साहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नेटचं बिल द्यायला सुरुवात केली. ड्राफ्ट अजून नऊलाच येतो.